त्यांना घेतातच कशाला?

आमचा रविवारचा पळायचा ग्रुप आहे. पळून झालं की टपरीवर चहा-पोहे आणि गप्पा, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे जो वाद सुरू झाला तो आजही कुणीतरी विषय काढला की परत पेटतो. विषय होता भूतानच्या किंझांग ल्हामोचा. पॅरिस ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस, ११ ऑगस्ट, महिलांची मॅरेथॉन. नेदरलँड्सची सिफान हसन २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदात जिंकली, आणि किंझांग आली ३ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांनी. म्हणजे दीड तास मागे, शर्यत पूर्ण करणाऱ्या ८० जणींत शेवटची. शेवटच्या टप्प्यात ती थकून चालत होती, मधेच परत पळत होती आणि रस्त्यावरची माणसं तिच्या बाजूने चालत, पळत, सायकलवरून तिला सोबत करत होती. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेलच, मला पाहताना रडू आलं होतं.

तर पुढच्या रविवारी आमच्यातला एक जण, ज्याने मॅरेथॉन ३ तास ३५ मिनिटांत मारलीये, तो म्हणाला की अरे मी हिच्यापेक्षा फास्ट पळतो, मग मला का नाही पाठवत ऑलिम्पिकला? व्हिडिओ छान आहे वगैरे ठीक आहे पण अशा लोकांना घेतातच कशाला? आणि निम्म्या लोकांनी मान डोलावली. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, नुसतं "असं नसतं रे" म्हणून गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला लागून राहिलंय, म्हणून हे लिहितेय.

आधी नियम काय आहे ते सांगते कारण वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो. ज्या देशाचा एकही खेळाडू ॲथलेटिक्समध्ये क्वालिफाय झालेला नाही त्या देशाला आपला एक सर्वोत्तम पुरुष किंवा एक सर्वोत्तम महिला पाठवता येते. पॅरिसला हे १०० मीटर, ८०० मीटर आणि मॅरेथॉन एवढ्यातच होतं. स्विमिंगमध्ये साधारण अशीच सोय आहे. याला युनिव्हर्सॅलिटी प्लेस म्हणतात, आपण बोलताना वाइल्डकार्ड म्हणतो. म्हणजे कुणालाही उचलून नेत नाहीत, त्या देशातल्या सगळ्यात चांगल्या माणसाला नेतात, आणि आमचा मित्र ३:३५ वाला असला तरी तो भारतातला सगळ्यात फास्ट नाही, पहिल्या हजारात तरी असेल का माहीत नाही. किंझांग तिच्या देशातली सगळ्यात पुढची आहे. ती भूतानच्या सैन्यात आहे. २०२२ मध्ये भूतानमध्ये स्नोमॅन रेस झाली, हिमालयातल्या उंच खिंडींमधून पाच दिवसांत २०३ किलोमीटर, त्यात ती महिलांत दुसरी आली होती. आणि पॅरिसचा रूट म्हणजे आपली सपाट रस्त्यावरची मॅरेथॉन नाही, व्हर्सायला जाऊन परत येताना चारशे मीटरच्या वर चढ. त्या दिवशी अकरा जणींनी शर्यत अर्धवट सोडली, म्हणजे ज्या क्वालिफाय होऊन आल्या होत्या अशाही पोरी थांबल्या, हिने सोडली नाही. भूतानची अख्खी टीम तीन जणांची होती, ही, एक तिरंदाज आणि एक स्विमर. संपली टीम.

पण टाइमवर हा वाद घालायचाच नाहीये मला, कारण टाइमवर घातला तर मित्रच जिंकेल. माझं म्हणणं असंय की ती जागा तिच्या देशाचा हक्क आहे, त्यात कुणी मेहेरबानी करत नाही, आणि हे म्हणायचा अधिकार जगात कुणाला सगळ्यात जास्त असेल तर तो आपल्याला आहे. त्यातही पुणेकरांना.

कारण आपण त्याच दारातून आत गेलोय. १९१९-२० ची गोष्ट. डेक्कन जिमखान्यावर खेळांच्या स्पर्धा भरल्या होत्या, दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. तिथे शेतकरी घरातली पोरं अनवाणी पळत होती, ना कोच ना बूट, आणि टाटांनी घड्याळ पाहिलं तर टाइम युरोपच्या पळणाऱ्यांच्या जवळ जाणारा. त्यांना वाटलं यांना १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला पाठवू. पण पाठवणार कसं, आपण तर देशच नव्हतो, ऑलिम्पिक कमिटी नव्हती, काहीच नव्हतं. मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांच्यामार्फत ब्रिटिश ऑलिम्पिक कमिटीकडे शब्द टाकला, टाटांनी पदरचे पैसे घातले आणि सहा जण गेले. टाटांनी नंतर एका पत्रात लिहिलंय की त्यांनी आपल्याकडच्या कमिटीतल्या मोठ्या मोठ्या लोकांना विचारलं की ऑलिम्पिकला शंभराच्या शर्यतीचा टाइम साधारण काय असेल, तर एकजण म्हणाला एक ते दोन मिनिटं! त्यांना समजावून सांगावं लागलं की बाबांनो तिथे मिनिटांचा नाही, सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशोब असतो. एवढी आपली तयारी होती. आजच्या भूतानपेक्षा कितीतरी कमी.

त्या सहा जणांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदात पळून एकोणिसावा नंबर काढला. सदाशिव दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पूर्मा बॅनर्जी, कैकाडी, आणि दोन पैलवान, नवले आणि रणधीर शिंदे. शिंदे कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत गेले आणि हरले, चौथे आले. त्या टीमला १९२० मध्ये कुणी म्हटलं असतं की तुमचे लोक क्वालिफाय कुठे झालेत, तुमचा देशच कुठेय, यांना घेतातच कशाला, तर? मग पुढचं काय काय झालं नसतं याची यादी करायला बसलं तर रात्र पुरणार नाही. १९५२ ला हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आपण ते अभिमानाने सांगतो, डोळ्यात पाणी आणून सांगतो. मग तीच गोष्ट भूतानच्या पोरीची असली की ती "कशाला घेतात" होते, हे मला कळत नाही. खरंच कळत नाही.

आता समोरच्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेते कारण तो खोटा नाहीये. पॅरिसला एकूण खेळाडूंचा कोटा १०,५०० होता. जागा मोजक्या आहेत, एक वाइल्डकार्ड म्हणजे दुसरीकडे एक क्वालिफाय होऊ शकणारा खेळाडू घरी. केनियाची चौथ्या नंबरची मॅरेथॉन पळणारी बाई घरी बसते जी किंझांगपेक्षा सव्वा-दीड तास आधी येईल. हे नुकसान आहे आणि त्या केनियाच्या बाईसाठी वाईट वाटायलाच पाहिजे. पण ती घरी बसते ती किंझांगमुळे नाही, ती बसते एका देशाच्या जास्तीत जास्त तीन या नियमामुळे, आणि त्या नियमाला कुणी हरकत घेत नाही कारण सगळ्यांना ठाऊक आहे की ऑलिम्पिक ही "जगातले पहिले शंभर जण" अशी स्पर्धा नाहीच मुळी. तशा स्पर्धा आहेत ना, लंडन, बर्लिन, बोस्टन, तिथे दहाच्या दहा केनियन पळू देत, कुणी अडवत नाही. ऑलिम्पिकला देश येतात. म्हणून तर झेंडा घेऊन चालतात. मग देश यायचे तर सगळे यायला पाहिजेत, ज्यांच्याकडे चारशे मीटरचा ट्रॅक आहे तेवढेच नाही.

पॅसिफिक महासागरातल्या तुवालूचं बघा. अकरा हजारांच्या आसपास लोकसंख्या, आपल्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या गावाएवढी. फुनाफुती बेट इतकं चिंचोळं आहे की मोकळी सपाट जागा म्हणजे विमानाची धावपट्टी. आठवड्यातून मोजकी विमानं येतात, बाकी वेळ संध्याकाळी तिथे पोरं फुटबॉल खेळतात, पळतात, मोटरसायकली फिरतात, विमान यायच्या आधी सायरन वाजला की सगळे बाजूला. तिथला पोरगा १०० मीटरच्या प्रीलिमिनरी हीटमध्ये पळायला पॅरिसला येतो. त्याच्याकडून मेडल कुणी मागत नाही. आणि समुद्राची पातळी वाढली तर जे देश सगळ्यात आधी संकटात येतील त्यात तुवालू पहिल्या ओळीत आहे. त्या देशाचं नाव चार वर्षांतून एकदा जगासमोर मोठ्याने वाचलं जातं, याची किंमत सेकंदात कशी काढणार.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो, तो म्हणजे या सोयीचा गैरफायदा. २०२३ मध्ये चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोमालियाच्या एका मुलीला १०० मीटर पळायला २१.८१ सेकंद लागले, जगभर तिचं हसं झालं, मग कळलं की तिला निवडलंच चुकीच्या पद्धतीने होतं, तिथल्या क्रीडा मंत्रालयाने माफी मागितली, फेडरेशनच्या अध्यक्षबाईंना निलंबित केलं. त्यात त्या मुलीपेक्षा जास्त नुकसान कुणाचं झालं असेल तर सोमालियात खरंच पळणाऱ्या एखाद्या मुलीचं, जिची जागा गेली. तर इथे कडक व्हायलाच पाहिजे. देशात ट्रायल घ्या, टाइम जाहीर करा, जो पहिला येईल तोच जाईल, आणि अधिकाऱ्यांच्या नात्यातलं कुणी घुसवलं तर त्या देशाची पुढची जागा धोक्यात येईल एवढं तरी असावं. पण रेशनच्या धान्यात चोरी होते म्हणून रेशन बंद करा असं आपण म्हणत नाही, चोर पकडा म्हणतो.

मग येतं ते सेंट लुसिया या छोट्या कॅरिबियन बेटाचं प्रकरण, आणि हे जरा सविस्तर सांगते. ३ ऑगस्ट २०२४ ला तिथल्या ज्युलियन आल्फ्रेडने महिलांची १०० मीटर १०.७२ मध्ये जिंकली, अमेरिकेच्या शकॅरी रिचर्डसनला मागे टाकून, मग २०० ला सिल्व्हर पण घेतलं. देशाची लोकसंख्या एक लाख ऐंशी हजारांच्या घरात, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. त्याच संध्याकाळी डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटर मारून गोल्ड घेतलं, तो देश तर सत्तर हजारांच्या आसपास. दोन्ही देशांचं हे आयुष्यातलं पहिलं ऑलिम्पिक मेडल. आणि लगेच आपल्याकडे फॉरवर्ड सुरू, बघा एवढेसे देश आणि आपण १४० कोटी, ११७ खेळाडू, सहा मेडल, गोल्ड शून्य, लाज वाटली पाहिजे वगैरे. स्वप्नील कुसाळेने दोनच दिवस आधी कांबळवाडीसारख्या गावातून येऊन ब्रॉन्झ आणलं होतं, ते पण लोक विसरले.

आता गंमत बघा, भूतानला "कशाला घेतात" म्हणणारे आणि सेंट लुसियाचं कौतुक करणारे लोक एकच आहेत. जिंकला तर लहान देश ग्रेट, हरला तर जागा अडवतो. पण सेंट लुसिया ऑलिम्पिकला पहिल्यांदा आला १९९६ ला, अटलांटाला. मेडल मिळालं २०२४ ला. मधली अठ्ठावीस वर्षं तो देश दर वेळी आला, पळला, हरला आणि परत गेला. डॉमिनिकाचंही तेच, १९९६ ते २०२४. ग्रेनाडा १९८४ ला आला आणि पहिलं मेडल २०१२ ला, ते पण अठ्ठावीसच वर्षांनी. सॅन मरिनो १९६० पासून येतोय आणि पहिलं मेडल २०२१ मध्ये टोकियोला, एकसष्ट वर्षांनी. आणि आला तेव्हा कसा आला, पाच खेळाडू आणि तीन मेडल! त्यातलं एक तर आपल्याकडूनच नेलं, ८६ किलोची ती ब्रॉन्झची कुस्ती आठवतेय ना, आपला दीपक पुनिया पुढे होता आणि शेवटच्या काही सेकंदात माइल्स अमीनने पॉइंट घेतले, ४-२. मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होते. चौतीस हजारांच्या आसपास लोकसंख्येचा देश. एकसष्ट वर्षांत कुणीतरी म्हटलं असतं की तुमचा काही उपयोग नाही तर? भूतानला १९८४ पासून धरून आता चाळीस वर्षं होऊन गेली. टोकियोला त्यांची तिरंदाज कर्मा वाइल्डकार्डवर नाही, स्वतःच्या जोरावर क्वालिफाय होऊन आली, भूतानसाठी पहिल्यांदाच, आणि पहिल्याच राऊंडला आपली दीपिका कुमारी समोर आली, ६-० ने गेली. आपण पुढे गेलो म्हणून खूश झालो, आणि समोरच्या पोरीने काय मिळवलं होतं याची आपल्याकडे कुणाला पडलीच नव्हती.

ज्युलियनबद्दल एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल करायला पाहिजे, नाहीतर माझा मुद्दा कच्चा राहील. ती घडली ती सगळी सेंट लुसियात नाही. बारा वर्षांची असताना वडील गेले, खेळ सोडला होता, मग परत आली, चौदाव्या वर्षी एकटी जमैकाला गेली शिकायला, तिथून टेक्सास युनिव्हर्सिटी. म्हणजे कोच, जिम, ट्रॅक सगळं बाहेरचं. कॅरिबियन बेटांवरच्या बहुतेकांचा रस्ता हाच आहे, अमेरिकन कॉलेजची स्कॉलरशिप. मग कुणी म्हणेल की यात देशाचं काय? जिंकल्यावर ती काय बोलली ते ऐका. ती म्हणाली लहानपणी मी मैदानावर शाळेच्या युनिफॉर्ममध्ये अनवाणी पळायचे, आमच्याकडे धड सोयी नाहीत, स्टेडियम दुरुस्त केलेलं नाही, या गोल्डमुळे नवं स्टेडियम होईल अशी आशा आहे. आणि ते स्टेडियम का तसं पडलं होतं? व्यू फोर्टचं सेंट ज्यूड हॉस्पिटल २००९ मध्ये जळालं, तर हॉस्पिटल उचलून थेट जॉर्ज ऑडलम स्टेडियममध्ये हलवलं, आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. जिथे पोरांनी पळायचं तिथे पेशंट. एवढ्या छोट्या देशात दुसरी जागाच नाही, आग लागली की तुम्हाला हॉस्पिटल पाहिजे की ट्रॅक यातलं एक निवडायला लागतं, आणि कुणीही हॉस्पिटलच निवडेल. अशा देशाची मुलगी टेक्सासला शिकून आली तर तिने काय वाईट केलं? अंगावर झेंडा कुठला होता ते महत्त्वाचं, आणि तो झेंडा तिथे पोचायला १९९६ पासून कुणीतरी हरत होतं म्हणून तिला तो घालता आला.

आपल्याला सेंट लुसिया क्रिकेटमुळे माहीत आहे, डॅरेन सॅमीचा देश. पॅरिसच्या फक्त महिनाभर आधी, २४ जून २०२४ ला, सॅमीच्या नावाच्या त्याच स्टेडियमवर आपल्या बोरिवलीच्या रोहितने ऑस्ट्रेलियाला ४१ बॉलमध्ये ९२ मारले होते, आपण रात्रभर जल्लोष केला. मॅच बघताना मागचे डोंगर, समुद्र छान दिसत होते. त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला पळायला जागा नव्हती, हे आपल्याला तेव्हा कुठे माहीत होतं.

हे सगळं आत्ता का, तर आता आपली पाळी येतेय. २०३० ची कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला आहेत. कॉमनवेल्थमध्ये ७४ देश आणि प्रदेश, त्यातले निम्म्याहून जास्त छोटे, बेटंच बेटं. ग्लासगो २०२६ साठी पैसे वाचवायला खेळ दहावर आणले, आपली कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन, शूटिंग काहीच नाही, आणि आपण केवढी ओरड केली, बरोबरच केली. पण तिथूनच फिजीची रग्बी सेव्हन्स पण गेली, ज्या खेळात त्यांनी २०१६ ला रिओमध्ये ब्रिटनला ४३-७ ने धुवून देशाचं पहिलं मेडल आणि तेही गोल्ड आणलं होतं. त्यांच्यासाठी आपल्याकडे एक शब्द कुणी काढल्याचं मी वाचलं नाही. आपली कुस्ती परत आणताना फिजीची रग्बी पण परत आणा असं यजमान म्हणून आपण म्हणायला पाहिजे. तीन जणांची टीम असेल तर तिला पण पूर्ण वेळचा फिजिओ मिळाला पाहिजे, सरावाला ट्रॅक मिळाला पाहिजे, दोन महिने आधी येऊन आपल्याकडे राहता आलं पाहिजे. आपल्याकडे जागा आहे, आपल्या पुण्याच्या बालेवाडी स्टेडियमवर येऊ देत की. मोठ्या टीम आपापलं बघतात. यजमानाने कुणाकडे लक्ष दिलं हे लहान टीमच सांगू शकतात.

बालेवाडीचं नाव काढलं म्हणून एक सांगते. ऑक्टोबर २००८ मध्ये पुण्यात कॉमनवेल्थ युथ गेम्स झाल्या होत्या. मी तेव्हा कॉलेजला होते, मैत्रिणींबरोबर एक दिवस ॲथलेटिक्स बघायला गेले होते. ऊन होतं, बऱ्याच खुर्च्या रिकाम्या, आम्ही भारताचं कोणी आलं की ओरडायचो आणि बाकी वेळ शेंगदाणे खात गप्पा. मधेमधे कुठल्या कुठल्या बेटांची दोन-दोन तीन-तीन पोरं ट्रॅकच्या कडेला बसलेली असायची, सोबत एखादा मोठा माणूस, बस. ती कुठली हे आम्ही विचारलं नाही. त्या स्पर्धेत मुलांची ४०० मीटर जिंकला तो ग्रेनाडाचा सोळा वर्षांचा किरानी जेम्स. चार वर्षांनी लंडनमध्ये त्याने ४३.९४ मध्ये ४०० मीटरचं गोल्ड घेतलं, ग्रेनाडाचं पहिलं, आणि तिथल्या पंतप्रधानांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. नंतर रिओला सिल्व्हर, टोकियोला ब्रॉन्झ.

ते सगळं मी खूप नंतर वाचलं. आम्ही गेलो त्या दिवशी तो पळला होता की नाही हेही मला आठवत नाही, कारण मी पाहतच नव्हते. २०३० ला मी अहमदाबादला जाणार आहे, आणि ज्या देशाची टीम सगळ्यात लहान असेल त्यांच्या हीटच्या वेळी जाऊन बसणार आहे, सकाळच्या पहिल्या सेशनला. रविवारच्या ग्रुपमधल्या त्या मित्रालाही चल म्हटलंय.